ताकातले आम्ल

आमच्या घराण्यात दोन गोष्टी वंशपरंपरेने चालत आल्या. एक वाईचा वाडा आणि दुसरा दमा. वाडा भाऊबंदकीत गेला. दमा मात्र वाटणीत कोणाला नाकारता आला नाही. तो कधी एखाद्या चुलत्याकडे राहायला गेला, कधी आत्याकडे, मधली एखादी पिढी त्याने सोडूनही दिली; पण घर म्हणून सोडले नाही.

त्यामुळे ‘दम’ हा शब्द आमच्याकडे जरा जपूनच वापरला जाई. एरवी मराठीत या शब्दाची केवढी चंगळ आहे! दम धरावा, दम खावा, दुसऱ्याला दम द्यावा. माणसात दम असतो किंवा नसतो. काम एका दमात होते आणि ते करताना दम निघतो. आमच्या आजीदेखत मात्र कोणी सहज “जरा दम खा” म्हणाले, की ती त्याच्याकडे अशी बघे की म्हणणाऱ्याचाच दम जावा.

मी स्वतः या वारशातून सुटलो. पस्तीस वर्षे सातारा जिल्ह्यातल्या शाळांतून रसायनशास्त्र शिकवले, म्हणजे खडू खाल्ला, गंधकाचा धूर खाल्ला, तरी छाती शाबूत राहिली. आम्ल आणि अल्क यांचा धडा मी दर वर्षी घ्यायचो. लिंबात सायट्रिक आम्ल, चिंचेत टार्टारिक, ताकात लॅक्टिक, ही यादी पोरे चालीवर पाठ करत आणि परीक्षा झाली की त्याच चालीवर विसरत. लॅक्टिकला आमच्या वेळी ‘दुग्धाम्ल’ म्हणत. कार्ल शेले नावाच्या स्वीडनमधल्या औषध-विक्रेत्याने १७८० साली आंबलेल्या दुधातून ते प्रथम वेगळे काढले, एवढी माहिती मी वर्गात द्यायचो आणि पुढच्या आम्लाकडे वळायचो. पुढे १८४३ साली योहान शेरर या जर्मन डॉक्टराला तेच आम्ल माणसाच्या रक्तात सापडले, तेही दगावलेल्या रोग्यांच्या, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. हे ताकातले आम्ल एके दिवशी माझ्याच पुतणीच्या रक्तात आकडा होऊन माझ्यासमोर येईल, हे तर स्वप्नातही नव्हते.

चकली-कडबोळ्यांच्या ताटाशेजारी रक्ताच्या गोष्टी सांगणे बरे दिसत नाही, हे मला कळते. पण दिवाळी आणि दमा यांचे सख्य कोणाला नव्याने सांगायला नको. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आकाशात जे दिसते ते डोळ्यांचे, आणि नंतर जे जमिनीवर उतरते ते दमेकऱ्यांचे.

दमा म्हणजे श्वास घेता न येणे, असा सगळ्यांचा समज असतो. वास्तविक अडचण अधिक असते ती श्वास सोडण्याची. श्वासनलिका आकसतात, आतून सुजतात, चिकट बेडका साचतो. हवा आत जाते, पण तिला बाहेर निघायला वाट राहत नाही. मग भरलेल्या घागरीतच आणखी पाणी ओतत राहावे, तसा माणूस भरल्या छातीवर श्वास घेत राहतो. चरकाने याला तमकश्वास म्हटले आहे. ढग, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो, रोग्याला आडवे पडवत नाही, बसल्यानेच काय ते बरे वाटते, हे त्याने नेमके टिपून ठेवले आहे. आजीने चरक वाचला नव्हता, पण तिची सारी शुश्रूषा याच निरीक्षणांवर चाले. त्याला जोड अडुळशाची, ज्येष्ठमधाची आणि अगदीच गळ्याशी आले म्हणजे धोतऱ्याच्या वाळल्या पानांच्या धुराची. या धुराला गावठी म्हणून हसण्याचे कारण नाही. १८०२ च्या सुमारास जनरल जेंट नावाच्या एका अंमलदाराने तो मद्रासेहून इंग्लंडात नेला, आणि पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ साहेबाच्या देशात दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. आज इस्पितळात वाफेच्या यंत्रातून जे इप्राट्रोपियम देतात, तेही दूरच्या नात्याने धोतऱ्याच्याच गोत्रातले.

हे सगळे उपाय आमच्या आत्यावर झाले होते.

१९६२ सालचा श्रावण. मी अकरा वर्षांचा होतो. आत्याच्या लग्नाला तीन वर्षे झाली होती आणि ती मंगळागौरीसाठी माहेरी आली होती. कृष्णेचे पाणी घाटाच्या पायऱ्यांवर चढले होते, चार दिवस सूर्य दिसला नव्हता. मंगळवारच्या जागरणानंतर तिला जी उबळ आली ती दोन रात्री हटली नाही. माजघरात तीन वळकट्या एकावर एक रचून, त्यांवर हात टेकून ती बसलेली असे. तिच्या छातीची सूं-सूं ओसरीवर ऐकू येई. गावातले डॉक्टर भर पावसात सायकलवर आले, एकदा नव्हे, तीनदा. त्यांनी दंडात ॲड्रिनॅलिनची सुई दिली, शिरेतून ॲमिनोफायलिन दिले. त्या काळी वाईत जे काही देता येण्यासारखे होते ते सगळे त्यांनी दिले.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती सूं-सूं थांबली.

आत्याची मान वळकटीवर कलली. तिचे खांदे, जे दोन दिवस भात्यासारखे वरखाली होत होते, ते संथ झाले. आजीने पदर तोंडाला लावला आणि कुजबुजत म्हणाली, “लागला बाई डोळा एकदाचा. कुणी आवाज करू नका रे.” आम्हां पोरांना घाटावर पिटाळले. घरातल्या बायकांनी दोन दिवसांत प्रथमच चहा बसून घेतला. दुपारच्या आत आत्या गेली.

आजी त्यानंतर तेवीस वर्षे जगली. ‘डोळा लागला’ हे शब्द तिने पुन्हा कधी उच्चारले नाहीत. कोणी निजले असेल तर “पडलाय” म्हणे.

त्या पहाटेच्या शांततेचा उलगडा मला फार उशिरा झाला, आणि तो माझ्याच विषयातून झाला. माणसाचे शरीर हा आम्लाचा मोठा कारखाना आहे. आपण जे खातो ते जळून कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तयार होतो, आणि तो पाण्यात विरघळला की आम्ल होतो. सोडा-वॉटर जिभेला चरचरते ते त्यामुळेच. असा सुमारे १५,००० मिलिमोल कर्बवायू आपण दिवसाकाठी फुप्फुसांवाटे बाहेर टाकतो. मूत्रपिंडे जे आम्ल बाहेर टाकतात ते जेमतेम ७०. म्हणून मूत्रपिंडे थकली तर रक्त आंबायला दिवस लागतात. श्वास थकला तर मिनिटे पुरतात. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्टीत राहावा लागतो. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण हे माप सरळ पट्टीचे नाही. ७.४० चा ७.१० झाला, म्हणजे नुसता ०.३ उतरला, की रक्तातले आम्लत्व दुप्पट झाले. दहावीच्या मुलांना हे पटवताना माझा घसा दर वर्षी बसायचा.

आता दम्याचा झटका येतो तेव्हा काय होते? माणूस घाबरतो, भराभर श्वास घेतो. नलिका आकसलेल्या असल्या तरी सुरुवातीला या धडपडीने कर्बवायू गरजेपेक्षा जास्तच बाहेर जातो. रक्तातला त्याचा दाब एरवी ४० च्या आसपास असतो, तो ३० वर उतरतो. रक्त थोडे अल्कधर्मी होते. ही झटक्याची पहिली पायरी, आणि खरे तर बळाची खूण. पुढे अडथळा वाढतो, छातीचे स्नायू थकतात. उतरलेला कर्बवायू पुन्हा चढू लागतो. ३० चा ३५ होतो, ३५ चा ४०. कागदावर आकडा आता अगदी निरोगी माणसाचा दिसतो. पण वाईकरांचे जवळचे स्टेशन वाठार. तिथे न थांबणारी गाडीसुद्धा स्टेशनातून जाताना क्षणभर फलाटालाच लागलेली असते. ४० वरची ती गाडी पुढे ५० वर जायची असते, ६० वर जायची असते. मग गुंगी येते. छातीत हवाच खेळत नाही, तेव्हा शिट्टी तरी कशी वाजणार? १९६८ साली मॅकफॅडन आणि लायन्स या अमेरिकन डॉक्टरांनी १०१ दमेकऱ्यांचे रक्त तपासून हा चढउतार नीट मांडला. आज ब्रिटिश डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेत, जिवाला धोका दाखवणाऱ्या खुणांच्या यादीत, मुकी छाती तर आहेच. शिवाय धापा टाकणाऱ्या रोग्याच्या रक्तातला ‘नॉर्मल’ कर्बवायू हीही एक खूण आहे. नॉर्मल असणे ही धोक्याची खूण! मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आत्याचा डोळा लागला नव्हता.

हे मोजण्याची विद्या तेव्हा जगात नव्हती असे नाही. आत्या गेली त्याच्या दहा वर्षे आधी, १९५२ साली, डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम इस्पितळात रोज डझनांनी रोगी येत. ज्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत त्यांतले दहापैकी आठ-नऊ दगावत. त्यांच्या रक्तात कर्बवायूचा एकूण साठा फार वाढलेला आढळे. त्या साठ्यात कर्बवायू असतो तसा खायच्या सोड्यातला बायकार्बोनेटही असतो, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी अर्थ लावला, की रक्त अल्कधर्मी झाले आहे. ब्यॉर्न इब्सेन नावाचा एक भूल देणारा डॉक्टर म्हणाला, नाही. हा अल्काचा वाढावा नाही, ही कोंडलेल्या श्वासाची शिलकी आहे. रक्त आंबते आहे. आकडा एकच, अर्थ दोन, आणि ते परस्परांच्या उलट! २७ ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन इब्सेनने नळी घातली आणि रबरी फुग्याने हाताने श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन् महिने, परक्या माणसांच्या छातीत हाताने हवा भरली. मृत्यूचे प्रमाण निम्म्याच्या खाली आले. तिथल्या प्रयोगशाळेत पोल आस्ट्रुप रक्ताचा पीएच प्रत्यक्ष मोजू लागला. गंमत अशी, की पीएच ही कल्पनाही त्याच शहरातली, १९०९ सालची, आणि ती सुचली सोरेनसेनला कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत. आंबण्याचे शास्त्र आंबवणाऱ्यांनीच काढावे, हे योग्यच झाले. पण कोपनहेगनहून वाईपर्यंत यायला त्या विद्येला दहा वर्षे पुरली नाहीत, आणि त्याबद्दल मी कोणाला बोल लावत नाही.

पुतणीच्या वेळेपर्यंत मात्र ती आली होती.

पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. दमा तिच्याकडे आत्याच्या चेहऱ्यासकट आला आहे. २०२२ च्या दिवाळीसाठी मी पुण्याला दादांकडे गेलो होतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री समोरच्या इमारतीतली हजाराची माळ संपली, खिडकीतून धूर आत आला, आणि तासाभरात तिचा नेहमीचा पंप निकामी ठरला. चार शब्दांचे वाक्य तिला पुरे करता येईना. इस्पितळात नेली तेव्हा नाडी १३० च्या पुढे होती. प्राणवायू लावला, स्टिरॉइडची सुई दिली, सॅल्ब्युटॅमॉलची वाफ सुरू झाली. पहिल्या तासात तीनदा, मग चालूच. मनगटातल्या धमनीतून रक्त काढले. पीएच ७.४८, कर्बवायू २९. दादांना तो कागद पाहून काही बोध झाला नाही. मला झाला, आणि थोडा धीर आला. गाडी अजून वाठारच्या अलीकडे होती.

पहाटे तीनच्या सुमारास गोष्ट उलटी फिरली. शिट्टी जवळजवळ गेली होती. ओठांवर रंग होता. पण श्वास? मिनिटाला ३४, आणि एकेक श्वास असा खोल की गळ्याखालचा खड्डा दिसावा. ती मला म्हणाली, “काका, छाती मोकळी वाटतेय. पण श्वास थांबतच नाही. नुसता हावरटासारखा येतोय.” रात्रपाळीचा डॉक्टर तरुण होता, मनापासून धडपडणारा होता. त्याने आणखी एक वाफ तयार केली, आणि दादांपुढे एक छापील कागद ठेवला. गळ्यात नळी घालून यंत्रावर ठेवावे लागेल, त्याची संमती. शहात्तर वर्षांच्या माणसाने मुलीसाठी अशा कागदावर सही करणे म्हणजे काय, ते मी पाहिले. पेन हातात होते आणि हात टेबलावर होता, पण दोघांची भेट होत नव्हती.

अतिदक्षता विभागाच्या मुख्य डॉक्टरबाई तेवढ्यात आल्या. त्यांनी आधी छाती ऐकली, पाठ ऐकली, मग तिला त्या फुंकायच्या नळीत जोराने फुंकायला लावले. रात्री आली तेव्हा काटा १५० वर होता, आता २६० वर गेला. त्यांनी तिचे हातपाय चाचपून पाहिले, गरम होते. रक्तदाब पाहिला, ताप पाहिला, लघवी झाली का विचारले. आणि म्हणाल्या, “वाफ थांबवा. रक्त पुन्हा पाठवा, लॅक्टेटसकट.”

कागद दहा मिनिटांत आला. पीएच ७.३०. कर्बवायू २६. बायकार्बोनेट १२.५. लॅक्टेट ८.९, जे २ च्या आत असायला हवे.

“ही दम्याची धाप नाही,” त्या म्हणाल्या, “ही आम्लाची धाप आहे. फुप्फुसे सुधारताहेत.”

“कुठले आम्ल?” मी विचारले. मास्तरकी अशा वेळीही सुटत नाही.

“लॅक्टिक.”

“ताकातले?”

त्या माणसाला त्या रात्री प्रथमच हसू आले असावे. “हो काका, ताकातले.”

दादा मात्र भडकले. पोर धापा टाकते आहे, आणि औषध बंद? डॉक्टरबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवले आणि सांगितले, की स्टिरॉइड चालू आहे, प्राणवायू चालू आहे, फक्त वाफेचे औषध लांबवते आहे. मी इथून हलणार नाही. तासाभराने पुन्हा रक्त पाहू, आणि तिची ताकद संपते आहे असे दिसले तर नळी घालू, तेव्हा सही करा. शिवाय दम्याच्या माणसाला यंत्रावर ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे, हेही त्यांनी सांगितले. कोंडलेल्या छातीत यंत्राने हवा भरली तर ती आणखी कोंडते. आणि यंत्र संथ चालवावे तर, आम्ल धुऊन काढण्यासाठी ही जी मिनिटाला ३४ वेळा धडपडते आहे ती धडपडच बंद पडते, नि पीएच खड्ड्यात जातो.

मला त्यांनी एक हिशेब शिकवला. रक्तात असे दुसरे आम्ल साचले, तर निरोगी फुप्फुसांनी कर्बवायू किती खाली आणायला हवा? बायकार्बोनेटची दीडपट, अधिक आठ, दोन इकडे-तिकडे. मी औषधाच्या बिलामागे मांडले. साडेबाराची दीडपट पावणेएकोणीस, अधिक आठ, पावणेसत्तावीस. कागदावर होते २६. फुप्फुसे आपले काम चोख करत होती! आयुष्यात मी हजारो टायट्रेशने केली असतील, पण उत्तर जुळल्याचा असा आनंद कधी झाला नाही. अर्थात आनंद अर्धाच. पुढचा तास कॉरिडॉरमध्ये दादा आणि मी एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. बाहेर कुठेतरी अजून एखादा सुतळी बॉम्ब फुटत होता.

दुसरा कागद आला. कर्बवायू २९. माझ्या पोटात गोळा आला, कारण आकडा चढला होता, आणि चढणाऱ्या आकड्याची मला वाईपासून धास्ती आहे. पण डॉक्टरबाईंनी बोट दुसऱ्या ओळीवर ठेवले. पीएच ७.३३, म्हणजे तोही चढला होता. लॅक्टेट ६.९, उतरलेले. कर्बवायू चढला तो थकव्याने नव्हे. आम्ल कमी झाले म्हणून श्वासाची निकड कमी झाली. थकव्याने चढला असता तर पीएच पडला असता. सकाळी दहाला लॅक्टेट ३.१, श्वास २२. संध्याकाळी १.५. मधल्या वेळात पोटॅशियम कमी झाले होते, तेही भरून काढले. तोही याच औषधाचा हात.

आता हे आम्ल आले कुठून? नंतर मी जमेल तेवढे वाचून काढले. सॅल्ब्युटॅमॉल हे ॲड्रिनॅलिनचे धाकटे भावंड. इंग्लंडात वेअर गावी डेव्हिड जॅक यांच्या चमूने १९६६ च्या सुमारास ते तयार केले, १९६९ मध्ये ते बाजारात आले, आणि त्याने किती लोकांना श्वास दिला याची गणती नाही. पण भावंडच ते. थोरल्याची सवय त्यालाही आहे. ॲड्रिनॅलिन शरीराला सांगते, वाघ आला. मग शरीर कणग्या उघडते, साठवलेली साखर मोडून इंधन काढते. गिरणीत धान्य आले पोत्यांनी आणि दळणारे जाते एकच, की जे दळून होत नाही ते बाजूला साचते. तेच हे दुग्धाम्ल. प्राणवायूची टंचाई नसतानाही साचते. अकाली प्रसूती थांबवण्यासाठी पूर्वी हेच औषध शिरेतून देत, तेव्हा त्या बायकांच्याही रक्तात ते वाढे, आणि त्यांची फुप्फुसे तर ठणठणीत असत. छातीचे राबणारे स्नायू आपली भर घालतात, ती वेगळी. १९७६ साली अर्जेंटिनातल्या आणि १९८३ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी तीव्र दम्यातल्या या आम्लाबद्दल लिहिले आहे. आणि रक्त आंबले की श्वास खोल आणि लांब होतो, हे तर कुसमाउलने १८७४ मध्येच मधुमेह्यांत पाहिले होते. एवढे असूनही घोटाळा होतो, आणि तो व्हावा असाच आहे. आम्लाची धाप बघणाऱ्याला दम्याची वाटते. दम्याची म्हणून आणखी औषध दिले जाते. त्याने आणखी आम्ल. त्याने आणखी धाप. त्या तरुण डॉक्टराला मी दोष देत नाही. डोळ्यांना दोन्ही धापा सारख्याच दिसतात.

दादांचा मात्र या प्रकरणाने वेगळाच ग्रह झाला. कट्ट्यावर ते सगळ्यांना सांगत, “औषध बंद केले आणि पोरगी वाचली.” एकदा हे पुतणीच्या कानावर गेले, तेव्हा ती माझ्यासमोर त्यांना म्हणाली, “बाबा, तुमच्या गोष्टीने कोणीतरी मरेल. आधी औषधाने वाचले म्हणून नंतर थांबवता आले. पंप अजून माझ्या पर्समध्ये आहे.” आणि तिने तो काढून टेबलावर ठेवला. दादांनी चष्मा काढला, पुसला, आणि विषय बदलला. कट्ट्यावरची गोष्ट त्यानंतर सुधारली, पण लांबली. आता ती कोणी पुरती ऐकत नाही.

पुतणी रोज सकाळ-संध्याकाळ स्टिरॉइडचा पंप घेते, आणि सकाळी नळीत फुंकून आकडा वहीत मांडते. लक्ष्मीपूजनाला ती आता पुण्यात थांबत नाही. दोन दिवस आधीच कोकणात मैत्रिणीकडे जाते. परवा तिचा फोन आला. समुद्रावरची हवा दमट आहे, पण धूर नाही, असे म्हणाली. मी आकडा विचारला. चारशे दहा. तो मी कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. दादा तिला सरळ विचारत नाहीत. रात्री मला फोन करून इकडच्या तिकडच्या गप्पा मारतात, आणि शेवटी विचारतात.